दोनशे बारा नंबरचा दगड

नंबरकाकांच्या घराण्याइतकं या राज्यात मुरलेलं दुसरं घराणं शोधूनही सापडणार नाही, असं खुद्द नंबरकाकांचं मत होतं, आणि ते ऐकून ऐकून गल्लीतल्या लोकांचे कान किटले होते. राज्याच्या हद्दीवर जे दगड रोवलेले असतात, त्यांच्यावर दरवर्षी नव्याने नंबर रंगवायचे, हे त्यांचं काम. वडिलांचंही तेच, आजोबांचं तेच, पणजोबांचंही तेच. पांढरा रंग, काळा रंग आणि दोन इंची ब्रश, एवढ्यावर चार पिढ्या निघाल्या. हात असा बसलेला की तीनशे चाळीस दगडांवरच्या झाडून साऱ्या आठांची वळणं एकसारखी यायची.

पण आता तोच हात थरथरायला लागला होता. गेली नऊ वर्षं दगड खरं तर त्यांची लेक रंगवत होती. काका शेजारी बादली पालथी घालून बसायचे आणि चुका काढायचे. महिनाअखेर ते निवृत्त होणार, ब्रश लेकीच्या हाती जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात नवा नियम निघाला. ज्याच्या पाच पिढ्या सलग याच राज्यात राहिल्या असतील त्यालाच ही जागा. घरी येऊन मोजणी होईल, मग दाखला. पिढ्यांची मोजणी फूटपट्टीने कशी करतात, हे मात्र नियमात कुठे लिहिलं नव्हतं.

काका पोट धरून हसले. हद्द आम्ही रंगवायची आणि आम्ही हद्दीच्या आत आहोत की नाही हे दुसऱ्याने सांगायचं! पणजोबा, आजोबा, वडील, आपण आणि लेक, अशी त्यांनी बोटं मोजली. बरोबर पाच भरली.

मोजणीसाहेब सकाळीच आले. शांत, हडकुळा माणूस, खांद्याला पिशवी आणि हातात फीत. पुढची खोली बघितली, स्वयंपाकघर बघितलं, हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले ते बाहेरच येईनात. काका बघायला गेले तर साहेब धुण्याच्या दगडासमोर उकिडवे बसलेले. दगडावर ठळक, सुबक, ताज्या रंगात दोनशे बारा.

आता यात बघण्यासारखं काय आहे, हे काकांना कळेना. तो दगड त्यांच्या जन्माच्या आधीपासून तिथेच होता. नंबर असलेला दगड दिसला की रंगवायचा, ही घराण्याची शिस्त. दरवर्षी त्यावरचे कपडे बाजूला करून तोही रंगवला जायचा आणि वहीत तशी नोंद व्हायची. लहानपणी काकांना वाटायचं की सगळ्यांच्याच न्हाणीघरात नंबर असतो. पुढे मोठे झाले तरी त्यांनी कधी कुणाकडे जाऊन खात्री केली नाही. आणि करणार तरी कशी? लोकांच्या न्हाणीघरात डोकावणारा माणूस म्हणून नाव झालं असतं.

साहेबांनी नकाशा पसरला. नियम साधा होता: दगड जिथे, हद्द तिथे. म्हणजे स्वयंपाकघर राज्यात. न्हाणीघर अर्धं. मागची खोली, जिथे सगळे झोपतात आणि जिथे घरातली बाळंतपणं झाली, ती साफ बाहेर. आजोबा, वडील आणि स्वतः काका, तिघांचाही जन्म बाहेरचा. लेक तेवढी दवाखान्यात जन्मली म्हणून इथली.

“काका, तुमचं घराणं रोज सकाळी चहा प्यायला राज्यात येतं आणि रात्री परत जातं,” साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “माझ्या हिशेबाने एकच पिढी भरते. जेवून येतो. तोवर काही हरकत असेल तर लिहून ठेवा.”

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षं उन्हातान्हात गुडघे टेकून दगड रंगवले, आता चुलत्याच्या दुकानात पिशव्या भरायला बसायचं का, एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. आयुष्यात एक आकडा चुकीचा काढला नाही, आणि अचूक काढलेल्या आकड्यानेच घात केला.

त्यांची पंच्याऐंशी वर्षांची आई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होती. तिचं माहेर म्हणजे मागची गल्ली ओलांडली की समोरचं घर. मोजून आठ पावलं. पण सगळे धरून चालायचे की हद्द आपल्या मागच्या भिंतीवर, त्यामुळे ती ठरली बाहेरून आलेली. दरवर्षी रांगेत उभं राहून राहण्याची चिठ्ठी नवी करून घ्यायची, आणि अशी पासष्ट वर्षं झाली. दर वेळी कारकून विचारायचा, कायमच्या परत कधी जाणार?

आता तिने सांगितलं ते असं. दगड मुळात न्हाणीघरातला नव्हताच. तो होता पुढच्या दारात, पायरीला लागून. म्हणजे आख्खं घर हद्दीबाहेर पडत होतं. पणजोबांना रंगाचं काम हवं होतं आणि काम फक्त राज्यातल्या माणसाला मिळायचं. दगड रंगवायला म्हणून उचलायची परवानगी मात्र रंगवणाऱ्याला तेव्हाही होती, आताही आहे. पणजोबांनी तो रंगवायला उचलला आणि घरातून मागे ओढत नेला. न्हाणीघरात आल्यावर कंबरेत उसण भरली, ती जन्मभर. पुढे पोरं नेतील म्हणाले. आजोबा आळशी निघाले. वडिलांना वेळ नव्हता.

“आणि मला का नाही सांगितलंस?” काकांनी विचारलं.

“तू कधी विचारलंस?” आई म्हणाली. “आणि धुणं कशावर धुतलं असतं?”

काकांनी उठून रंगाचे डबे काढले. दगड रंगवायचा आहे, असं ते मोठ्याने म्हणाले, म्हणजे कुणी ऐकत असेल तर ऐकावं. लेकीने पहार आणली. दोघांनी दगड उपटला, खाली पाइपचे तुकडे सरकवले आणि ढकलत ढकलत मागच्या खोलीतून, मागच्या दारातून, भिंतीच्या पलीकडे नेला. काकांना घाम फुटला होता, पण कंबर शाबूत होती. घर आत आलं. पाच पिढ्या भरल्या. लेक तिथेच मातीत बसून हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

काठी टेकत टेकत आई मागच्या दारात आली. गल्लीपलीकडच्या आपल्या घराकडे बघत राहिली.

“इथवर आणलाच आहेस,” ती म्हणाली, “तर आणखी थोडा ने. मलाही आत घे.”

काकांनी आईकडे पाहिलं. दरवर्षी तेच तिला हाताला धरून त्या रांगेत नेत आले होते, आणि आठ पावलं मोजायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांची मान खाली गेली. ते पुन्हा पहारेला भिडले. आवाज ऐकून त्या घरातून आईचा भाचा बाहेर आला. तो सायकली दुरुस्त करायचा. दगड आपल्या परसात शिरतोय म्हटल्यावर, आम्हाला कुणी विचारणार आहे का, असं तो म्हणाला. आत्याने त्याला गप्प बसून हात लावायला सांगितलं. त्याने मुकाट्याने लावला. दगड त्याच्या घराच्या पार मागे जाऊन बसला आणि लेकीने त्यावर दोनशे बारा काढलं.

साहेब जेवून आले. दगड कुठे आहे ते त्यांनी पाहिलं, ओला रंग पाहिला, तिघांचे लाल झालेले चेहरे पाहिले. नियम पुन्हा एकदा वाचला. दगड जिथे, हद्द तिथे. फीत धरली आणि लेकीच्या दाखल्यावर लिहिलं, पिढ्या पाच. मग दुसरा कागद घेऊन ते आईपुढे बसले.

या राज्यात किती वर्षं राहता, त्यांनी विचारलं.

सवयीने आईचा हात कनवटीला गेला. तिथे यंदाची चिठ्ठी घडी करून खोचलेली होती. तिने ती अर्धवट बाहेर काढली, आणि परत आत सारली.

“पंच्याऐंशी,” ती म्हणाली.