दार लागल्याचा नंबर

नवसाबाईंनी सव्वीस वर्षं नांदगावजवळचं एक रेल्वे फाटक सांभाळलं. नवरा रुळांची देखभाल करणारा गँगमन होता, तो गेल्यावर त्या नोकरीला लागल्या. आता निवृत्त होऊन नाशिकला, सिडकोत मुलाकडे राहतात. दत्तू गुणाचा मुलगा, अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. पण आईची नोकरी कुणी विचारली की ‘रेल्वेत होती’ म्हणून विषय बदलायचा. एकदा मित्राने फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, गेट उघडायचं आणि लावायचं, दुसरं काय. आत चहा गाळणाऱ्या नवसाबाईंना ते लागलं, आणि लागलं ते लागलंच. पिकतं तिथे विकत नाही हे म्हणायला सोपं आहे. ज्याचं पिकलंय त्याला विचारा.

शेजारची सरिता शूटिंगला माणसं पुरवायची. सातपूरला एका बंद कारखान्यात अंतराळयान उभारलं होतं, पृथ्वी सोडून निघालेल्या लोकांची मालिका होती, आणि यानात साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका कमी पडत होत्या. नवसाबाई इतक्या साध्यासुध्या की सरिताने त्यांना अंगावरच्या लुगड्यासकट नेलं. काम एवढंच, की लाल दिवा लागला की घाबरायचं.

प्रसंग असा होता. यान सुटायच्या आत, यानात शिरायच्या बोगद्याचं दार लागायला हवं, नाहीतर आतली हवा जाऊन सगळे मरणार. यानाचा कप्तान फोनवर ओरडे, दार लागलं का? पलीकडे दाराशी उभा नट ओरडे, लागलं, लागलं! मग बाकीचे चाळीस जण कोरसमध्ये ओरडत. सकाळपासून नऊ वेळा घेऊन झालं. दिग्दर्शिका मोहिनी कपाळाला हात लावून बसली. नुसता गोंगाट होतोय, भीती कुठे आहे, असं ती म्हणत होती. तेवढ्यात तिला कोपऱ्यात हसू दाबणारी म्हातारी दिसली. तिने जरा तिखटपणेच कारण विचारलं.

“ताई, दार लावणारा असा वरडत नाय,” नवसाबाई म्हणाल्या. “तो नंबर देतो.”

मग त्यांनी सांगितलं. स्टेशन मास्तर फोन करणार, गाडी येतेय, गेट लावा. गेट लावायचं, कुलूप ओढून बघायचं, आणि आपल्या छापील वहीतला पुढचा नंबर त्याला सांगायचा. नंबर दर वेळी वेगळा, म्हणजे सवयीने तोंडातून ‘हो, लावलं’ निघून जायची भानगड नाही. मास्तर तो परत म्हणणार, लिहून घेणार, आणि मगच सिग्नल देणार. नंबर नाही तर गाडी नाही.

मोहिनीने कप्तानाला सांगितलं, आता तू नंबर मागायचा. मग तिने दाराशी असलेल्या नटाला उठवलं आणि फोन नवसाबाईंच्या हातात दिला.

दिवा लागला. कप्तानाने नंबर मागितला. नवसाबाईंनी बोगद्यात पाहिलं. यानात शिरायचा राहिलेला एक माणूस पोराला कडेवर घेऊन धावत येत होता. त्या बोलल्या नाहीत. कप्तानाने पुन्हा मागितला, या वेळी त्याचा आवाज खरंच कापला. त्या तशाच उभ्या, नजर बोगद्यावर, एक हात दाराच्या मुठीवर. चाळीस जणांपैकी कुणी खोकलंसुद्धा नाही. माणूस आत आला. त्यांनी दार ओढलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं, आणि भाजीचा भाव सांगावा तितक्या साधेपणाने म्हणाल्या, “सदतीस.” कप्तान आपलं वाक्य विसरून नुसता “सदतीस” म्हणाला आणि मटकन खाली बसला. मोहिनीने तेच ठेवलं.

रविवारी संध्याकाळी तो भाग लागला. दत्तू चिवड्याची वाटी घेऊन आईची गंमत बघायला बसला होता. ती शांतता सुरू झाली आणि त्याचा हात वाटीतच राहिला. सदतीस ऐकल्यावर त्याने श्वास सोडला, तो तेजललाही, म्हणजे त्याच्या बायकोलाही, ऐकू आला. नवसाबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या मुलाकडे बघत होत्या.

“आई, हे तू रोज करायचीस?”

“दिवसातून वीस-बावीस वेळा.”

“कधी सांगितलं नाहीस.”

“सव्वीस वर्षांत एकदाबी चुकलं नाय,” नवसाबाई म्हणाल्या. “मग सांगन्यासारखं काय झालंच नाय ना.”

यान सुटायचं बाकी होतं. दत्तूने टीव्ही बंद केला आणि आईजवळ खाली येऊन बसला.