तळातला कोक

माझ्या सासऱ्यांची उद्यमनगरात लहानशी फाउंड्री आहे. सोमवार ते शुक्रवार वाळूचे साचे करून जमिनीवर मांडत जायचं आणि शनिवारी भट्टी पेटवून सगळ्यांत लोखंड ओतायचं, ही तिथली पद्धत. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी चालू भट्टी मी कधी पाहिली नव्हती. मी शाहूपुरीत एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. कारखान्यात जावयाचं काय काम?

काम निघालं गेल्या वर्षी. मेहुण्याला ही कोकवर, म्हणजे भाजून घेतलेल्या दगडी कोळशावर, चालणारी भट्टी पाडून तिथं विजेची बसवायची होती. सासरे ऐकत नव्हते. रविवारी आम्ही जेवायला गेलो की ताटावरच सुरू व्हायचं.

"आबा, भट्टीचा ब्लोअर लागला की काजळीच्या भीतीनं समोरच्या बायका वाळत घातलेले कपडे उचलून पळतात. मला मान वर करून चालता येत नाही त्या गल्लीत."

"मग खाली घालून चाल की. आणि तुझी वीज काय आभाळातनं पडती व्हय? तिकडं विदर्भात कोळसाच जाळत्यात. तिथं बायका न्हाईत? त्या कपडे वाळत घालत न्हाईत?"

घरी मी रोज सकाळी सातला विजेचं मीटर वाचून वहीत लिहितो. पण त्या आकड्यामागे कुठे किती कोळसा जळला, हा विचार मी कधी केला नव्हता.

शेवटी सासरेच म्हणाले, "पावणं, तुम्ही आकडा काढा. एक टन लोखंड वितळायला माझ्या भट्टीत किती धूर आणि विजेच्या भट्टीत किती. विजेचा धूर तिकडचा तिकडं सोडायचा न्हाय, तोबी धरायचा. माझा कमी निघाला तर ही भट्टी मी मरस्तवर चालणार. जास्त निघाला तर पाडा."

"दाजी, नीट हं," मेहुणा म्हणाला.

"ते नीटच करत्यात. म्हणून तर त्यांच्याकडं दिलं. तुझ्याकडं दिलं असतं तर तू आधी उत्तर लिहून मग गणित मांडलं असतंस."

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथं पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सोबत वही, पेन्सिल आणि वजनकाटा. सासऱ्यांच्या आवडत्या जागेवर, भट्टीच्या पायथ्याशी, मला उभं केलं गेलं. दोन मजली उंच लोखंडी नळकांडं, आतून विटांचं अस्तर. वर माचावरून दोन माणसं पाळीपाळीनं कोक, चुनखडी आणि भंगार लोखंड आत टाकायला नुकतीच लागली होती. कोकची घमेली मी मोजायला लागलो. पहिली दहा काट्यावर ठेवून सरासरी काढली, चौदा किलो. मग नुसत्या रेघा मारत गेलो.

सासऱ्यांनी खिशातून निळ्या काचेचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "बघा त्या भोकातनं."

भट्टीच्या अंगाला हवा जाण्याची भोकं होती. मी काच डोळ्याला लावली. आत कोकचे खडे होते, पण खडे म्हणावं असं काही उरलं नव्हतं. नुसता उजेड होता, आणि त्या उजेडातून लोखंडाचे थेंब टपटप खाली येत होते. आपण लोखंड म्हणतो तेव्हा जी एक वस्तू डोळ्यांसमोर येते, तिचा तिथं मागमूस नव्हता. पागोळ्या गळाव्यात तसं ते गळत होतं. मी शाळेत मुलांना द्रवणांक तोंडपाठ करायला लावतो. तो आकडा म्हणजे हे, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

थोड्या वेळानं सासऱ्यांनी सळईनं भट्टीच्या तोंडाची माती फोडली आणि पांढरी धार बाहेर पडली. तोंडावर एवढी धग आली की मी तीन पावलं मागे सरलो. ते तिथंच, एका हातानं टोपी सावरत. बहात्तर वर्षांचा माणूस. थोडं लोखंड त्यांनी एका लहान पाचरीच्या साच्यात ओतलं, ते निवल्यावर हातोड्यानं तोडलं, माल कसा उतरलाय ते पाहायला तुटलेली बाजू उजेडात धरली आणि वरच्या माणसांना ओरडून सांगितलं, "कोक एक घमेलं वाढवा!" मी रेघ मारायची विसरणार होतो. मारली.

चारच्या सुमारास खालचा टेकू काढून त्यांनी भट्टीचा तळ पाडला. पोटात उरलेलं सगळं, पेटता कोक, राख, लोखंडाची मळी, एकदम जमिनीवर आलं. गडी लांबून पाणी मारत होते. वाफेत कुणीच कुणाला दिसत नव्हतं.

रात्रभर न जागता, रविवारी सकाळी ताज्या डोक्यानं हिशेब मांडला. कोक चाळीस घमेली, म्हणजे पाचशे साठ किलो. ओतलेलं लोखंड पाच टन. विजेच्या भट्टीसाठी शेजारच्या कारखान्यातल्या तशाच भट्टीचं मीटर वाचून घेतलं होतं, आणि एका किलो कोकमागे आणि एका युनिटमागे धूर किती ते छापील कोष्टकातून. तीनदा पडताळलं. कोकच्या भट्टीचा धूर पाव हिश्श्यानं कमी.

दुपारी जेवणं झाल्यावर मी हे वाचून दाखवलं. मेहुणा उठून बेसिनशी गेला आणि धुतलेलेच हात परत धूत राहिला. बायकोनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू धूर मीच सोडला होता.

सासऱ्यांनी चष्मा लावून कागद मागून घेतला. बराच वेळ वाचला.

"पावणं, भट्टी पेटली कशावर?"

"कोकवर."

"तो कोक कुठं हाय ह्यात?"

"हा काय, चाळीस घमेली."

"ती वरनं टाकलेली. तुम्ही आलासा अकराला. मी पहाटं पाचला तळ भरलाय. तेवीस घमेली. लाकडावर तो तळ लाल झाल्याबिगर वरचं काय वितळतंय?"

तळ भरताना ते कुणालाही जवळ येऊ देत नसत. मेहुण्यालाही तो आकडा ठाऊक नव्हता. ते गप्प बसले असते तर भट्टी राहिली असती, आणि ही चूक जन्मात कुणाला सापडली नसती.

"मास्तरच्या गणितात एवढं भोक?" म्हणत ते हसले. "आणि थांबा, काल पाडलेल्या तळातला चांगला कोक वेचून वाळत घातलाय. तो वजा करा. माझा तळ धरायचा तर माझं उरलेलं मला परतबी मिळायला पायजे."

आम्ही तिघं स्कूटरवरून कारखान्यात गेलो. वाळलेला कोक नव्वद किलो भरला. तिथंच उलट्या घमेल्यावर वही ठेवून मी नव्यानं मांडलं. दोन्ही भट्ट्यांचे आकडे जवळजवळ एक आले. फरक होता तो काट्याच्या चुकीत बसेल एवढा.

"बरोबरी," मी म्हणालो.

"बरोबरीत भट्टी कुणाची?" मेहुण्यानं विचारलं.

सासरे त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "ह्यातला कुठला आकडा पुढं हलंल?"

मी विचार करून सांगितलं, "तुमचा हलणार नाही, मामा. कोक जाळला की एवढा धूर होणारच, आज असो की वीस वर्षांनी. विजेचा हलू शकतो. पाण्याची वीज आहे, उन्हाची आहे, वाऱ्याची आहे. किती हलेल आणि कधी, ते मला सांगता येत नाही. हलेलच असंही मी लिहून देणार नाही."

"न हलणारा आकडा म्हणजे मी," ते म्हणाले. मग त्यांनी भट्टीच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा अजून कोमट होता, मीही हात लावून पाहिला. "पाडा," म्हणाले. "पण पाचर मीच तोडणार."

विजेची भट्टी दिवाळीनंतर बसली. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी निळी काच आणली होती. जमिनीत पुरलेल्या रांजणासारखं भांडं, त्यात भंगार. बटण दाबलं. ज्वाळा नाही, धूर नाही, नुसती गुणगुण. भंगार लाल झालं, पिवळं झालं, खचलं आणि पाणी झालं. ते पाणी आपलं आपणच मधून उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. खाली काही पेटलेलं नव्हतं.

सासऱ्यांनी वाकून भांड्याखाली पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनं जाऊन पाहिलं.

"आग कुठं हाय?"

"नाही, आबा," मेहुणा म्हणाला.

"न्हाय?" मी त्या माणसाला इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं, लहान म्हणजे पाच-सहा वर्षांचा. तोंड उघडं, काच डोळ्याला. माझंही तसंच झालं असावं.

त्यांनी पाचर ओतली, तोडली, उजेडात धरली. मान हलवली. मग माझ्याकडे वळले.

"आज किती युनिटं?"

मी वहीत पाहून सांगितलं.

"आन् ह्यात कोळसा किती?"

"अजून बराच."

"मग तसंच लिवा," ते म्हणाले, "कमी करून लिवू नका."