सीतादहीचा घास

अक्षर मी म्हातारपणी शिकले, नातीच्या पाटीवर. घरात सगळ्यांना वाटलं, म्हातारीला पोथी वाचायची हौस आली. पोथी कुणाला हवी होती! मला एक गोष्ट लिहून टाकायची होती. तोंडाने सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि ऐकणारे म्हणतात, जाऊ दे, एवढं काय त्यात. आता वाचा आणि तुम्हीच बघा काय त्यात.

आमचं गाव अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या वाटेवर. मी तेव्हा लेकुरवाळी, मुलगा सहा महिन्यांचा. समुद्रापलीकडे कुठेतरी गोरे आपसात लढत होते आणि त्यामुळे म्हणे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्या त्याच्या शेतात कापूस. ज्वारी पेरणाऱ्याला लोक हसायचे. मग ज्वारीच मिळेनाशी झाली, आणि कणगीला हात लावायचा तर सासूबाईंना विचारावं लागे. त्याच सुमारास सातपुड्यापलीकडून माणसं उतरू लागली. शिपायांच्या बंडाच्या लढाईत त्यांची गावं जळाली होती. बंड मोडून चार-पाच वर्षं झाली, तरी ती चालतच होती.

त्यांतली एक बाई आमच्या आमराईत पळसाच्या फांद्यांची खोप घालून राहिली. सोबत तीन वर्षांची मुलगी. नवऱ्याला दोन वर्षांमागे फौजेने धरून नेलं, तो परत आला नाही. वयाने ती माझ्याएवढीच असेल. एका सकाळी ती दारात आली आणि पदर पसरून म्हणाली, "बाई, थोड़ा अनाज." सासूबाई घरात नव्हत्या. न विचारता ज्वारी द्यायची माझी छाती झाली नाही. पण खोपीजवळ मी एक बकरी बांधलेली पाहिली होती. कोपऱ्यात म्हशीसाठी ठेवलेली गेल्या सालची सरकी, म्हणजे कापसाचं बी, होती, तीच चार ओंजळी तिच्या पदरात घातली. म्हटलं, बकरी खाईल, दूध देईल, पोरीच्या पोटात जाईल. हे सगळं मनातच म्हटलं. मोठी अक्कल लढवल्याचा आनंद झाला मला.

ती जायला निघाली तेव्हा मीच तिला थांबवलं. पाटलाने बाहेरच्या लोकांना तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाव सोडायला सांगितलं होतं. ही माणसं पटकीची साथ घेऊन येतात, असं त्याचं म्हणणं. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या शेतात सीतादही होती. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेताच्या कोपऱ्यातल्या झाडाची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग वेचणाऱ्या प्रत्येक बाईच्या तळहातावर एक घास ठेवतात. आमच्याकडची रीत अशी की ज्याने तो घास खाल्ला तो उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटचं बोंड वेचून शेतात गुरं सोडेपर्यंत, त्या शेताचा. त्याला पाटीलही उठवत नसे. मी तिला म्हटलं, "परवा शेतात ये. ओळीत बस अन् हात पुढे कर. मंग तुले कोनी काढत नाही." तिला किती कळलं कोण जाणे, पण हात पुढे करायचं कळलं.

सीतादहीच्या आदल्या संध्याकाळी कोतवाल सांगत आला, आमराईतली पोरगी ओकते आहे, जुलाब होताहेत. घराघरांतून दारं लागली. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

सकाळी दव असतानाच आम्ही शेतात गेलो. वाळलेला पाला दवाने मऊ असतो तोवर वेचलं तर कापसात कचरा येत नाही. बाळाला बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकलं. पूजा झाली, बायका ओळीने बसल्या, आणि ती बांधावरून येताना दिसली. खांद्यावर पोरगी, मान टाकलेली. ती ओळीच्या टोकाला येऊन बसली तशा शेजारच्या दोघी उठून दुसरीकडे गेल्या. बांधावर कोतवाल काठी टेकून उभा.

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "तिले देऊ नको. पोरगी ओकून राहिली. आपलं लेकरू झोयीत हाये, ते पाय."

दहीभाताचं गाडगं माझ्या हातात होतं. ओळीत बारा जणी. एकेकीच्या हातावर घास ठेवत मी पुढे सरकत होते आणि प्रत्येक घासागणिक मनात उलटंसुलटं चाललं होतं. देईन. नाही देणार. बाळ झोळीत कुरकुरलं. मी तिच्यासमोर आले. तिने उजवा हात डाव्यावर ठेवून पुढे केला होता, मी सांगितलं होतं तसा. ती गाडग्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी पुढे गेले.

सासूबाईंनी माझा हात धरला नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिते. मी भ्याले. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो तिने पोरीच्या डोक्यावरून फिरवला, उठली आणि कोतवालाच्या पुढे चालू लागली. त्याला काठी उचलावी लागली नाही.

दुपारी आमराईकडून धूर दिसला. पाणी आणायच्या निमित्ताने मी तिकडे गेले. खोप जाळून टाकली होती. चुलीच्या दगडांवर फुटकं मडकं, आणि त्यात अर्धवट शिजलेली सरकी, वरच्या कापसाच्या केसांसकट. बकरी तिथेच आंब्याला बांधलेली होती; आमचा गुराखी तिला सोडायला आला तेव्हा कळलं, ती त्याची. त्या बाईची कधी नव्हतीच. तिच्या मुलखात कापूस पिकत नव्हता. मी दिलेलं जनावराचं खाणं, माणसाला बाधणारं, तिने धान्य समजून शिजवलं आणि लेकीला भरवलं होतं. पटकी कसली, पोरीच्या पोटात माझी अक्कल गेली होती.

मडक्यातली मूठभर सरकी घेऊन मी शेतात पळत आले. सासूबाईंनी ती हुंगली. "हे कोनं देल्लं तिले?"

"म्या, आत्याबाई. मले वाटलं बकरी तिचीच हाये."

आता उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "दही उरलं का?"

"हो."

"मंग काहून उभी हायेस? चाल!" आणि बाळाला झोळीतून काढून त्यांनी स्वतःच्या पाठीशी बांधलं.

दोन कोसांवर आगगाडीच्या रस्त्यासाठी मातीचा बांध घालणं चाललं होतं. कुठेच थारा नसलेली माणसं तिकडे जात. वाटभर माझा जीव टांगणीला. पोरगी असेल का, एवढाच विचार. बांधापाशी शेकडो बायका टोपल्या वाहत होत्या, सगळ्या मातीने एकाच रंगाच्या. पोरगी आधी सापडली, लिंबाखाली चिंधीवर. ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. सासूबाई मांडी घालून बसल्या, तिला मांडीवर घेतलं आणि बोटाने दही चाटवलं. तिने चाटलं. थोड्या वेळाने पुन्हा तोंड उघडलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं.

ती बाई टोपली रिकामी करून येत होती. लेक कुणाच्या मांडीवर आहे ते तिने पाहिलं आणि थांबली. मी दहीभाताचा घास घेऊन पुढे झाले. "घे बाई. चूक माही होती. चाल वापस. उलंगवाडीपावतर तुले कोनी हात लावनार नाही."

तिने घासाकडे पाहिलं. "सुबह हाथ पसारा था, बाई," ती हळूच म्हणाली. "बच्ची को खिला दो."

तिचे दोन्ही हात टोपलीच्या काठावर होते, ते सुटले नाहीत. मुकादम ओरडला तशी ती ओळीत शिरली. घास माझ्या हातात तसाच.

"टाकू नको," सासूबाई म्हणाल्या. "पोरीले दहीच चालते, भात सोसनार नाही. शेताचा घास हाये. तूच खाय आता."

मी तिथे मातीत उभी राहून तो खाल्ला. दही आंबलं होतं. ती पुन्हा टोपली भरून बांधावर चढली, वरून एकदा लेकीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बघितलं नसतं.