भाचीचं व्हायोलिन

मावशी एका इस्पितळात मेंदूचे स्कॅन काढायची. लग्न केलं नव्हतं. राहायची धाकट्या बहिणीकडे. बहिणीची मुलगी चौदा वर्षांची होती आणि व्हायोलिन असं वाजवायची, की जिन्यात येणारेजाणारे थबकायचे. तिचं कौतुक सुरू झालं की मावशीच्या पोटात दुखायचं. ती उठून स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडायची.

तेराव्या वर्षी तीही वाजवत होती. मग आई अंथरुणाला खिळली, धाकटीला सांभाळायला कुणी नव्हतं, आणि शिकवणी बंद झाली. त्याच धाकटीच्या लेकीला आता सगळं आयतं मिळत होतं.

इस्पितळात वाढत्या मुलांच्या मेंदूचा अभ्यास चालू होता. भाचीचं नाव त्यात गेल्या वर्षीपासून होतं. तिचा दुसऱ्या वर्षीचा स्कॅन मावशीनेच काढला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वर्षांची चित्रं शेजारीशेजारी लावली.

"मज्जातंतूंवर चरबीचं आवरण चढतं, ते मायेलिन. ते चढलं की निरोप कितीतरी पट वेगाने जातो. या वयात हे काम जोरात असतं. सरावाचाही त्याला हातभार लागतो."

"आणि ज्यांची ही वर्षं हुकली त्यांचं?"

"नंतरही चढतं, पण सावकाश. कपाळामागच्या भागाचं काम तर विशीतही चालू असतं. सारासार विचार तिथला. म्हणून ही पोरं आधी करून बसतात, विचार नंतर."

मावशीच्या डोक्यात 'सावकाश' एवढंच राहिलं. घरी येईपर्यंत ती धुमसत होती.

त्याच आठवड्यात शिकवणीच्या कार्यक्रमात एकटीने वाजवायचा मान भाचीच्या मैत्रिणीला मिळाला. भाचीने व्हायोलिनची पेटी आपटली. "मावशी, सोडूनच देऊ का गं?"

"दे सोडून," मावशी झटकन म्हणाली.

व्हायोलिन शिकवणीच्या मास्तरांचं होतं; भाचीने दुसऱ्याच दिवशी ते त्यांना परत केलं. घर शांत झालं. मावशीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण जेवताना पोरगी मान खाली घालून बसलेली पाहिली आणि तिने हातातला घास ताटात ठेवला. हिच्या कपाळामागचं काम अजून अर्धवट आहे; आपलं तर केव्हाच पुरं झालंय. मग आपण असं का बोललो?

तिने भाचीला गच्चीवर नेलं. "मी जळून बोलले. तुझ्यावर जळते मी. माझं ऐकू नकोस."

भाची म्हणाली, "माझ्यावर? अगं, मी तर त्या मैत्रिणीवर जळत होते!"

दोघी मिळून मास्तरांकडे गेल्या. भाचीने एवढंसं तोंड करून व्हायोलिन परत मागितलं. मावशीने चाचरत स्वतःसाठीही शिकवणीचं विचारलं.

आता ती रविवारी शिकते. बोटं ऐकत नाहीत. मुलं आठवड्यात उचलतात ते शिकायला तिला दोन महिने लागतात. भाची येताजाता सांगते, "मावशी, मनगट सैल सोड!"

मावशी मनगट सैल सोडते. पोटात अजूनही दुखतंच.