बोर्ली पंचतनचं बंद घर आणि अठ्ठावन्न टक्के हवा

दसऱ्याला जोडून तीन दिवस सुट्टी मिळाली तेव्हा विनय, माझा नवरा, म्हणाला, "एकदा घर बघून येऊ. तुझ्या फोनवर नको. डोळ्यांनी."

बोर्ली पंचतनच्या जवळ नारळ-सुपारीच्या वाडीत आमचं दोन खोल्यांचं बैठं घर आहे. ठाण्याहून वर्षातून चार-पाच वेळा जाणं होतं, एरवी कुलूप. कोकणातलं बंद घर पावसाळ्यात कसं होतं हे ज्यांचं आहे त्यांना सांगायला नको. म्हणून मेमध्ये मी हौसेने बंदोबस्त केला. भिंतीवर तापमान आणि दमटपणा मोजणारा काडेपेटीएवढा सेन्सर, हवेतली ओल शोषणारं एक मशीन आणि एसी. सगळं वायफायवर, ठाण्यात बसून चालवता येणारं. दमटपणा पासष्टच्या वर गेला की माझ्या फोनवर घंटी वाजायची आणि मशीन सुरू व्हायचं. शोषलेलं पाणी त्याच्या टाकीत साठायचं. टाकी भरली की मशीन थांबायचं आणि पुन्हा घंटी वाजायची. मग मी सुमनताईंना फोन करायचे, "तेवढी टाकी ओतून येता का?"

सुमनताई आमच्या घरामागेच, वीस पावलांवर राहतात. पन्नाशीच्या आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या आणि म्हातारे सासरे, आप्पा. आमची चावी त्यांच्याकडेच असते.

जूनमध्ये दिवसाला चार-पाच घंट्या वाजायच्या. जुलैत एके दिवशी सगळं शांत झालं. दमटपणा अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशीही अठ्ठावन्न. मशीन लागेनासंच झालं.

"ऐन श्रावणात, बोर्लीला अठ्ठावन्न?" विनयने विचारलं होतं. मी म्हटलं, भिंतींना दिलेला नवा रंग चांगला निघाला. सकाळी अकराच्या आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आकडा तेवढा दोन-तीन मिनिटं उडी मारायचा आणि खाली बसायचा. सप्टेंबरमध्ये काही दिवस त्या उड्याही थांबल्या. आलेखाची ती सरळ रेघ मी ऑफिसात मैत्रिणींना कौतुकाने दाखवली होती.

सकाळी सहाला निघालो. पेण, नागोठणे, माणगाव असा नेहमीचा रस्ता. पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर वाकणहून आत वळा. परतायला दुपार होईल हे धरून चला. माणगावला मिसळ खाल्ली, पेट्रोल भरलं. तिथून म्हसळ्यापर्यंत वळणं आणि खड्डे दोन्ही भरपूर, पण दोन्हीकडे पिवळं पडत आलेलं भात, त्यामुळे हळू जायचं वाईट वाटत नाही. बोर्लीच्या बाजारात भाजी घेतली, एका घरगुती खानावळीत सुरमईचं ताट जेवलो. घरी पोचलो तेव्हा दोन वाजले होते.

सुमनताईंच्या दाराला कडी होती. पडवीत आप्पांची खाट असते, ती भिंतीला उभी करून ठेवलेली. शेतावर गेले असतील दोघं, असं म्हणत मी पर्समधून आमची दुसरी चावी काढली. फोनवर पाहिलं. तापमान अठ्ठावीस, दमटपणा अठ्ठावन्न.

कुलूप उघडलं, दार उघडेना. फुगून चौकटीत रुतलं होतं. विनयने खांदा लावून ढकललं तेव्हा कुठे ते सुटलं, आणि आतून ओल्या मातीसारखा जड, गोडसर वास अंगावर आला.

खुर्च्यांवर पांढरी लव उगवली होती. विनयच्या चपलांचा आकार तेवढा उरला होता, वरून सगळी हिरवट मखमल. भिंतीवर माझ्या वडिलांचा फोटो होता; काचेच्या आत बुरशी पसरून फक्त एक कान दिसत होता. पलंगाच्या पायाशी तीन छत्र्या उगवल्या होत्या, बोटभर उंच. हात लावेन तिथे पाणी. घराला कुणीतरी आतून चाटून ठेवल्यासारखं वाटत होतं.

हातातला फोन म्हणत होता, अठ्ठावन्न.

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा होता. सेन्सर नव्हता.

"आकडा तर येतोय," विनय हळू आवाजात म्हणाला. "मग हा कुठल्या घराचा येतोय?"

तीन महिने रोज सकाळी उठल्यावर मी एका खोलीची खुशाली बघत होते, आणि ती खोली इथे नव्हतीच. आम्ही खिडक्या उघडल्या, गाद्या बाहेर ओढल्या. मध्येच मी फोन बघत होते. तो आकडा आता मलाच बघतोय असं वाटायला लागलं होतं.

साडेसहाला मी मागच्या अंगणात हात धूत होते. कट्ट्यावर ठेवलेल्या फोनकडे नजर गेली. अठ्ठावन्नचे चौसष्ट झाले होते. त्याच क्षणी सुमनताईंच्या स्वयंपाकघरातून झाकण उघडल्याचा आवाज आला.

मी तशीच आत गेले. सुमनताई तांदळाच्या प्लॅस्टिकच्या डब्यासमोर वाकल्या होत्या. डब्यात, तांदळात अर्धा रुतलेला, माझा पांढरा सेन्सर.

त्या दचकल्या नाहीत. "बसा वैनी," म्हणाल्या.

"सुमनताई, हा इथे कसा?"

"आषाढात आप्पा अंथरुणाला खिळले. उठवायचं, बसवायचं, समदं मीच. तुमचा फोन आला की त्यांना तसंच टाकून टाकी ओताया यायची. एकदा माघारी आले तर ते खाटेवरनं खाली पडलेले. किती वेळ पडले व्हते, कुनाला ठावं. त्याच दिशी ह्याला तांदळात ठेवला. तांदळात ओल राहत न्हाय. तुमची घंटी गप झाली."

"आणि आप्पा?"

"न्हाय आता. गनपती गेले नि चौथ्या दिशी गेले. फोन केलावता मी तुमाला."

मी फोनमध्ये शोधलं. न घेतलेला त्यांचा कॉल होता. त्याखाली मी पाठवलेला निरोप: 'मीटिंगमध्ये आहे. घर एकदम छान आहे. थँक्यू.' पुढे हसरा चेहरा. मग आलेख मागे नेला. सरळ रेघ त्याच दिवशी सुरू होत होती.

"सुतकात चूल पेटली न्हाय," तांदूळ धूत सुमनताई म्हणाल्या. "शेजारनं जेवान यायचं."

मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "गाद्या उद्या उन्हात टाकू. दोन टाकाव्याच लागतील."

दुसरा दिवस तिघांनी पुसण्यात घालवला. समुद्र पाहिला नाही. निघताना सुमनताईंनी सेन्सर पदराला पुसून माझ्या हातात दिला. मशीन आम्ही गाडीत घातलं. आता ठरलंय ते एवढंच: उघडीप असेल आणि त्यांना सवड असेल तेव्हा त्या खिडक्या उघडतील. मी त्यासाठी फोन करणार नाही.

परत येताना दिघीच्या धक्क्यावरून गाडी बोटीत घालून आगरदांड्याला उतरलो. म्हसळ्याचे खड्डे टाळायचे असतील तर हा रस्ता घ्या, पण सुट्टीत रांग असते. मुरूडवरून किनाऱ्याने वर आलो. किहीमला चहा घेतला. रस्त्याकडेच्या बंद बंगल्यांच्या खिडक्यांकडे मी बघत नव्हते.

घरी आल्यावर ॲप काढून टाकायचं म्हणून जुन्या नोंदी पुसायला बसले. सुतकातली ती रेघ जवळून पाहिली. ती पूर्ण सरळ नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता एक उडी होती. नेहमीएवढीच, तीन मिनिटांची.

मी सुमनताईंना फोन लावला.

"तिसऱ्या दिशी? त्या दिशी आमी भावकीतले समदे हरिहरेश्वरला गेलेलो, अस्थी घेऊन. सकाळी गेलो ते दिवेलागनीला आलो. घराला कुलूप व्हतं."

"चावी कुणाकडे होती?"

"माज्या कमरेला."



"किती वाजता म्हनलात?"

"चार."

"आप्पांना चारला पेज लागायची," त्या म्हणाल्या. "खिळल्यावर सकाळचीच ठेवलेली द्यायची मी. हिंडते-फिरते व्हते तवा मी शेतावर असले की सोताच डबा उघडायचे."

डबा कुणीतरी उघडला होता, एवढंच मला माहीत आहे.

"वैनी, ते पुसाया घेतलंय का तुमी?"

"हो."

"नका पुसू."

मी ॲप बंद केलं. नोंद ठेवली आहे. आता दर रविवारी त्यांना फोन करते. घराचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही. मात्र प्रत्येक वेळी फोन ठेवण्याआधी त्या विचारतात, "हाय ना ते अजून?"

मी बघते आणि सांगते, "आहे."