व्लास्ताचे राहिलेले फटके

"अगं, त्रिग्लाव चढलेली बाई ना तू? मग बारा पायऱ्यांत काय जीव जातोय तुझा?"

सेनादानं हे भर स्वयंपाकघरात, दोन्ही मदतनिसांच्या देखत विचारलं. व्लास्ता तळघरातून बटाट्यांची परडी घेऊन वर आली होती आणि दाराच्या चौकटीला धरून नुसती उभी होती. तोंड उघडं, धाप थांबेना. क्रान्य गावच्या त्या शाळेत ती अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकीण होती. वय त्रेपन्न, वजन एकशे चार किलो. आवाज असा की ती 'ताटं!' म्हणाली की वरच्या मजल्यावरची मुलंही रांगेत उभी राहायची.

"परडी... जड आहे," ती कशीबशी म्हणाली.

"परडी माझ्याकडे दे. आता तू एकटी चढून दाखव."

व्लास्तानं परडी दिली, बारा पायऱ्या खाली गेली आणि पुन्हा वर आली. वर येऊन तिनं चौकट पुन्हा धरली. मदतनिसांनी तोंडं फिरवली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

त्रिग्लाव हा देशातला सगळ्यात उंच डोंगर. झेंड्यावर तोच, नाण्यावर तोच. ज्यानं तो चढला नाही त्याला इथले लोक पुरता घरचा धरत नाहीत, निदान चेष्टेत तरी. आणि व्लास्ता तो विसाव्या वर्षीच चढली होती, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. सलगम ताटात टाकून देणाऱ्या पोरांना ती स्वतःच सांगायची, "खा मुकाट्यानं! सलगम खाऊनच त्रिग्लाव चढले मी."

फक्त ती चढली नव्हती.

विसाव्या वर्षी ती वर्गमैत्रिणींबरोबर गेली होती, हे खरं. शिखराखालच्या शेवटच्या डोंगरघरापर्यंत, म्हणजे चढणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागेपर्यंत, पोचलीही होती. पुढे उघडी धार. खडकात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या, पोलादी तार, आणि दोन्ही बाजूंना नुसती हवा. पहिल्या खुंटीला हात लावला आणि हात तिथेच थांबला, पाय पुढे पडेना. पोट दुखतंय असं सांगून ती मागे फिरली आणि बाकीच्या येईपर्यंत डोंगरघरात चहा पीत बसली. घरी आली तर वडील दारातच उभे. "बसले ना फटके?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदा माथ्यावर पोचणाऱ्याला दोराचे तीन फटके खावे लागतात, ओणवं होऊन, सगळ्यांच्या देखत. ते खाल्ले नाहीत तर चढाई मोजत नाहीत, आणि ज्यानं खाल्ले नाहीत त्याला दुसऱ्याला मारताही येत नाहीत. वडिलांचा चेहरा असा फुलला होता की व्लास्ताला खरं सांगवेना.

"तीन," ती म्हणाली.

तेवढा एक शब्द. संध्याकाळपर्यंत तो गल्लीभर झाला, लग्नात सासरी पोचला आणि पुढं शाळेत. तेहतीस वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाले परवा?" सेनादानं बटाटे ओतता ओतता विचारलं.

"साखर उंबरठ्यावर आहे म्हणाले. वजन उतरवा म्हणाले."

"मग उतरवू या. आणि उतरवायला चढू या." सेनादानं हात पुसले. ती शाळेत साफसफाई करायची. एकोणपन्नास वर्षांची, काटक, जिभेला धार. नऊ वर्षांची असताना आईबापांबरोबर बोस्नियातून आली आणि इथलीच झाली. "चाळीस वर्षं ऐकतेय मी. 'सेनादा, त्रिग्लाव झाला का? नाही? मग तू अजून पाहुणी.' मला हा पाहुणचार संपवायचाय. पुढच्या ऑगस्टमध्ये तू मला वर ने."

"मी?"

"मग कोण? तुला वाट माहिती आहे."

तेवढ्यात मुख्याध्यापिका ब्रेदाबाई कॉफीचा कप घेऊन दारात आल्या. अर्धं त्यांनी ऐकलंच होतं. "मीही येते," त्या म्हणाल्या. "दोनदा गेलेय मी. पण तेव्हा मला गुडघे होते."

व्लास्ता नाही म्हणू शकली असती. कारणंही होती, गुडघे, साखर, नवरा. पण सेनादा तिच्याकडे अशी बघत होती की बारा पायऱ्यांनी लागला नव्हता एवढा दम तिला त्या नजरेनं लागला. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिघी रोज दुपारी योश्तच्या टेकडीवर जायला लागल्या. गावातून तासाभराची चढण, वर चर्च आणि एक खानावळ. पहिल्या दिवशी व्लास्ता पहिल्या वळणावरच्या बाकापर्यंत पोचली आणि बाकावर आडवी झाली.

"मला इथेच पुरा," ती म्हणाली.

"एवढा मोठा खड्डा कोण खणणार?" सेनादा म्हणाली. "ऊठ. उद्या पुढच्या बाकावर मरायचं."

"तुम्ही दोघी पुढे जा ना! मी येते मागून."

"नाही," ब्रेदाबाई म्हणाल्या. शाळेत घंटा झाल्यावर बोलतात तसंच. "डोंगरात नियम एकच. सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढे. तिच्या पावलानं बाकीच्यांनी चालायचं. व्लास्ता, तुम्ही पुढे व्हा."

मग व्लास्ता पुढे झाली आणि पुढेच राहिली. मागून सेनादाची जीभ चालूच. "अगं, ती गोगलगाय बघ, रस्ता मागतेय!" व्लास्ता हसायची. हसता हसता धापा टाकायची. "हसता येतंय ना? म्हणजे दम शिल्लक आहे. चल!"

स्वयंपाकघरातही पहारा बसला. व्लास्ताची 'चव बघणं' म्हणजे काय प्रकार आहे हे सेनादानं एकदा डोळ्यांनी पाहिलं. तीनशे पोरांसाठी दही भरून उकडलेल्या पिठाच्या गुंडाळ्या, त्यांची कडेची टोकं कुणी खात नाही म्हणून सगळी व्लास्ताच्या पोटात. वर तव्यातला तुपात परतलेला पावाचा चुरा.

"ही चव?"

"वाया जातं गं नाहीतर."

"मग तू काय कचऱ्याची पेटी आहेस?" सेनादानं तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि चहाचा चमचा दिला. "चव यानं बघायची. एकदा."

नोव्हेंबरात ती टेकडीच्या माथ्यावर पोचली. चार ठिकाणी बसून का होईना, पण पोचली. खानावळीतले रोजचे पेन्शनर म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. "आली रे फौज!" एकानं हाक मारली. व्लास्तानं तिथल्या, चढून येणाऱ्यांच्या वहीत दोन ओळी भरतील एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. जानेवारीत बर्फ होतं, तिनं एकदाही न बसता टेकडी सर केली. मार्चमध्ये एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकली, बांधून झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिनं श्वास रोखलाच नव्हता! ती तशीच, एक बूट घालून, शेजारच्या बाईला सांगायला धावली. धावली! शेजारच्या बाईला नाडीचं काही कळलं नाही, पण व्लास्ता धावताना तिनं पहिल्यांदाच पाहिली होती.

एकशे चारचे ब्याण्णव झाले, ब्याण्णवचे पंच्याऐंशी. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. तिला रात्री झोप लागायला लागली, सकाळी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढावेसे वाटायला लागले. आणि या सगळ्या आनंदात एक काटा टोचतच होता. ऑगस्ट जवळ येत होता. सेनादाला सांगायचं असं तिनं दोनदा ठरवलं. एकदा पाऊस आला म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तर सेनादाच बोलली.

"ऐक. फटके मी तुझ्या हातून घेणार. वाटाड्या-बिटाड्याच्या हातून नको मला."

"माझ्या हातून कशाला?"

"वर्षभर तुझ्या पाठीकडे बघत चढलेय मी. आता माझी पाठ, तुझा हात." तिनं चहाचा घोट घेतला. "माझ्या आईला खूप हौस होती, वर जायची. राहिलं तिचं. म्हणून म्हणतेय, नीट मार. खोटं खोटं नको."

व्लास्तानं तिला आणखी चहा ओतला. सांगायचं पुन्हा राहिलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लुडविक नावाचा साठीतला वाटाड्या बरोबर घेऊन तिघी पहाटे क्रमा नावाच्या दरीतून निघाल्या. अर्धा तास चालल्यावर ब्रेदाबाई मध्येच थांबल्या.

"हजार मीटर उंचीवर आलो. आता अहो-जाहो बंद. डोंगरात हजारच्या वर सगळे अरे-तुरे. मला ब्रेदा म्हणायचं, आणि तू म्हणायचं."

"कसं जमणार हो बाई?" व्लास्ता म्हणाली.

"पुन्हा म्हण."

"कसं जमणार गं... ब्रेदा?" आणि व्लास्ता लाजून लाल झाली. सेनादाला मात्र काहीच अडचण नव्हती. "ब्रेदा, तुझी पिशवी उघडी आहे. ब्रेदा, तुझ्या टोपीवर किडा आहे. ब्रेदा, माझा पगार वाढव!"

सात तासांनी डोंगरघर आलं. व्लास्ता दारात बसली नाही. उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि म्हणाली, "पाय अजून चालतायत की!" तिलाच खरं वाटेना.

सकाळी आकाश काचेसारखं होतं. धारेच्या तोंडाशी लुडविकनं तिघींच्या कमरेचे पट्टे तपासले, तारेला आकडे अडकवायला लावले. पहिली खुंटी समोर आली. गार, गुळगुळीत. व्लास्ताचा हात तिच्यावर गेला आणि तेहतीस वर्षांपूर्वीसारखाच तिथेच थांबला.

"काय झालं?" मागून सेनादा.

"काही नाही."

"मग चल. की सलगम आणू?"

व्लास्ता हसली. हसू आलं म्हणजे दम शिल्लक होता. तिनं पाय वर टाकला, हात ओढला, आणि ती पंच्याऐंशी किलोंची बाई खडकावरून सरसर वर गेली! पुढची खुंटी, पुढची तार. खाली ढग, ढगांखाली अख्खा देश. भीती होतीच, पण पायांना आता भीतीपेक्षा जास्त ठाऊक होतं. मध्येच सेनादाचा पाय अडखळला, तेव्हा व्लास्तानं वळून जागा दाखवली. "इथे ठेव. हां. आता डावा."

"तुला बरं आठवतंय!" सेनादा ओरडली. व्लास्तानं पुढचा आकडा अडकवला.

माथ्यावर पत्र्याचा एक छोटासा बुरूज होता आणि त्याभोवती पंधरा-वीस माणसं. ब्रेदा रडत होती आणि ते कबूल करत नव्हती. लुडविकनं खांद्यावरचा दोर काढला, दुमडला. "बोला, पहिल्यांदा कोण?"

"मी!" सेनादा दोन्ही हात वर करून पुढे झाली. दोर लुडविककडून घेतला आणि व्लास्ताच्या हातात कोंबला. लोकांनी गोल केला. सेनादा ओणवी झाली. "मार!"

व्लास्तानं दोराकडे पाहिलं. मारायला काय लागतं? तीन सेकंद. खाली गेल्यावर सगळं होतं तसंच राहिलं असतं. पण नीट मार, खोटं खोटं नको, असं ती बाई म्हणाली होती.

"मला नाही मारता येणार."

"का? हात दुखतोय?" सेनादा ओणव्यानंच.

"मला स्वतःला बसलेले नाहीत."

सेनादा सरळ झाली. "म्हणजे?"

"मी आलेच नव्हते गं वर. त्या पहिल्या खुंटीवरून परत गेले. खाली चहा पीत बसले. घरी जाऊन खोटं सांगितलं आणि तेच सांगत राहिले."

कुणीच हसलं नाही.

"मघाशी म्हणालीस, इथे पाय ठेव."

"अंदाजानं म्हणाले."

"चाळीस वर्षं," सेनादाचा आवाज बारीक झाला, "सगळे मला पाहुणी म्हणत होते. एकदा तूही म्हणाली होतीस. भांडी घासताना."

"म्हणाले होते." व्लास्ताचे डोळे भरून आले, पण तिनं मान खाली घातली नाही. "मला माहीत होतं मी कुठे बसले होते ते. तरी म्हणाले."

सेनादानं तोंड फिरवलं. ती बोस्नियाच्या दिशेला बघत होती, की नुसतीच बघत होती, कळलं नाही. ब्रेदा काहीतरी बोलायला गेली, लुडविकनं तिचा दंड धरला.

मग सेनादा वळली. "वाक."

"काय?"

"वाक म्हणते ना! आज चढलीस की नाही स्वतःच्या पायांनी? ब्रेदा, दोर घे. तुला बसलेत ना खरेखुरे?"

"दोनदा आलेय मी!"

"मग मार हिला. मुख्याध्यापिकेसारखी मार. पोरांना सलगम खायला घातलेत हिनं त्या नावावर!"

आता मात्र लोक फुटले. एक म्हातारा हसता हसता बुरजाला टेकला. व्लास्ता ओणवी झाली. ब्रेदानं तीन दिले, आणि ते शिक्षण खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईचे होते. तिसऱ्याला व्लास्ता जोरात किंचाळली, आणि सरळ झाली तेव्हा हसत होती आणि रडतही होती.

"चौथा मी हाणला असता," सेनादा म्हणाली, "पण मला अजून हक्क नाही." तिनं दोर ब्रेदाच्या हातून ओढून घेतला आणि पुन्हा व्लास्ताच्या हातात दिला. "आता तुला आहे. चल. आणि हळू मारलंस तर खाली नेऊन पुन्हा चढवीन."

ती ओणवी झाली. व्लास्तानं बाही वर सारली, पाय रोवले आणि दोर उगारला. गोलातल्या अनोळखी माणसांनी एका सुरात मोजायला सुरुवात केली.

"एक!"