हेल्वीच्या पडद्यावरचा आर्वो

आर्वो साल्मेलाने उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला. कॅनडातल्या थंडर बे शहरात, बंदराकडे, त्याच्या हातची एखादी पाटी अजूनही लटकत असेल. पुढे पाट्या छापणारी यंत्रं आली, तेव्हा कपाळाला हात लावून न बसता तो कम्प्युटर शिकला, आणि काम सुटल्यावर त्याला आयकॉन बनवायचं वेड लागलं. फोल्डरचं ते ठरलेलं पिवळं पाकीट त्याला डोळ्यांसमोर नको असे. एखाद्या वस्तूचा फोटो काढायचा, प्रोग्रॅममध्ये मोठा करून कडेकडेने कापायचा, मागचं सगळं पुसून पारदर्शक करायचं, आणि मग ते चित्र नखाएवढं करून पाकिटाच्या जागी बसवायचं, हा त्याचा उद्योग. कॉफी प्यायला जमणारे म्हातारे म्हणत, आर्वोने माश्या मारायला नवं यंत्र आणलंय. तो मुळात कमी बोलणारा, आणि त्यात हट्टी.

बहीण हेल्वी त्याच्याहून मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. नवरा गेल्यावर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहत होती. त्या हिवाळ्यात तिला मेंदूचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी वाचले, पण वाचा गेली आणि अक्षरं, आकडे काहीच ओळखू येईना. 'कॉफी' एवढा एक शब्द तेवढा उरला. हो म्हणायचं तरी कॉफी, नको म्हणायचं तरी कॉफी, आणि शिवी द्यायची झाली तरी कॉफीच.

तिला बघायला घरी येणाऱ्या नर्स डार्लीनबाई मनाने वाईट नव्हत्या, पण शब्दाच्या पक्क्या. अडीनडीला हेल्वीने स्वतःहून कुणाला तरी बोलावता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते जमलं तर ती आपल्या घरी राहील, नाहीतर बर्फ वितळायच्या आत वृद्धाश्रमात जागा बघावी लागेल. हेल्वीने ते ऐकलं आणि टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. आर्वो म्हणाला, आकडे कशाला हवेत, मी चित्रं देतो.

आणि त्याने ती तिच्या कम्प्युटरच्या पडद्यावर दिलीही. तिची किटली, तोटीला पोचा आलेली. ती दाबली की रेडिओ लागे. तळ्याकाठची सौनाची, म्हणजे वाफ घ्यायची खोली, कलत्या धुराड्यासकट. ती दाबली की नवऱ्याचे फोटो उघडत. पोचा आणि धुराडं त्याने मुद्दाम ठेवलं होतं. एवढ्याशा चित्रात रंग, बारकावे सगळे मातीमोल होतात, ओळख पटते ती बाहेरच्या आकारावरून, हे त्याला पाट्यांच्या दिवसांपासून ठाऊक होतं. हेल्वी दोन्ही चित्रं पटकन शिकली.

शेवटचं आयकॉन त्याचं स्वतःचं. ते दाबलं की थेट त्याच्या घरचा कम्प्युटर वाजणार आणि दोघं एकमेकांना पडद्यावर दिसणार. फोटो चांगला होता, गोठलेल्या तळ्यावर मासे धरतानाचा. पण डोक्यावर ती जुनी केसाळ कानटोपी, आणि तिच्या कानपट्ट्या दोन्हीकडे लोंबलेल्या. इथे मात्र आर्वोची मती फिरली. त्याने टोपी पुसली, दुसऱ्या फोटोतले विंचरलेले केस आणून बसवले, सुरकुत्याही जरा कमी केल्या आणि चेहरा छान गोल कापला. माणसाला स्वतःचं चित्र काढायला देऊ नये ते याचसाठी.

हेल्वीच्या माऊसचा बाण त्या गोलावर येई आणि पुढे निघून जाई.

"हा मी आहे, हेल्वी. बघ तरी नीट."

"कॉफी," ती म्हणाली. सूर सरळ नकाराचा होता.

"अगं, जन्मापासून बघतेयस ना मला?"

तिने पुन्हा किटली दाबली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगू लागलं. आर्वोला राग आला, आणि रागाखाली भीती होती, ती त्याला जास्त जाचत होती. तो उठला, दाराशी जाऊन बूट चढवले, खुंटीवरची कानटोपी डोक्यावर घातली. वळून बघतो तर हेल्वी मागे उभी. तिने दोन्ही हातांनी कानपट्ट्या खाली ओढल्या, कानांवर दाबल्या, शाळेत पाठवताना दाबायची तशाच. मग कम्प्युटरकडे बोट दाखवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

आर्वोने बूट काढले नाहीत. तसाच घरी गेला आणि मूळ फोटो पुन्हा उघडला. या खेपेला कड वेडीवाकडी झाली, लोंबत्या पट्ट्यांची, विस्कटलेल्या केसांची. एरवी असलं काम त्याने कुणाला दाखवलं नसतं. तेच त्याने हेल्वीच्या पडद्यावर गोलाच्या जागी बसवलं.

हेल्वीला बोलावता येतं का, या परीक्षेच्या सकाळी डार्लीनबाई हेल्वीच्या घरी बसल्या आणि आर्वो आपल्या. त्याने नवा शर्ट घातला होता. कम्प्युटर वाजला. पडद्यावर हेल्वी आली, पुढे वाकली, कपाळाला आठ्या घालून त्याच्या विरळ डोक्याकडे बघितलं, आणि फोन बंद केला.

समोरासमोर दिसायची वेळ आली तेव्हाच आर्वोचं डोकं उघडं. तो धावत दाराशी गेला आणि टोपी चढवून परत येतो तोवर कम्प्युटर पुन्हा वाजत होता. हेल्वीने त्याला बघितलं. मग आपल्या दोन्ही कानांशी हात नेऊन खाली ओढल्यासारखं केलं. त्याने कानपट्ट्या ओढल्या आणि हनुवटीखाली बंद बांधला.

"कॉफी," ती हळूच म्हणाली.

"मीच आहे गं," आर्वो म्हणाला.

हेल्वीच्या मागून डार्लीनबाईंचा आवाज आला. "मी तिला एकदाच फोन करायला सांगितलं होतं, मिस्टर साल्मेला. दुसरा तिने स्वतःहून केला. राहू दे तिला घरीच."

हेल्वी आपल्या घरीच राहिली. भर जुलैत, सगळं गाव तळ्यात डुंबत असताना, आर्वोचा कम्प्युटर वाजला की तो आधी कानटोपीच्या खुंटीपाशी जातो.